रानझाडांची रोपवाटिका: रोपं अस्सल, पिशव्या तोकड्या
गेल्या वर्षी जूनमध्ये इथून ऐन, किंजळ, बेहडा, कोकम अशी 60 रोपं आणली. लाकूडतोडीनंतर बोडकी पडलेली आमची रत्नागिरीकडची वरकस (उताराची हलकी जमीन) पुन्हा रानाला द्यायची होती. ऑस्ट्रेलियन अकेशिया ठेवतच नाहीत, बरं वाटलं. रोपवाटिकेच्या काकांनी आधीच बजावलं, "बियांच्या कोकमात निम्मी नर निघतात हां, फळ नाही धरत." एवढं कोण सांगतं! तक्रार बेहड्याची. पिशवी फाडली तर मुळांची आत जिलबी झालेली. 9 रोपं गेली. झाड हवेतला कार्बन लाकडात साठवतं, पण आधी जगायला तर हवं! किंजळ मात्र दगडी गडग्यावरून डोकावतेय. टेम्पोचं भाडं वेगळं पडतं, आपली गाडी न्या.