कॉपी बॅटरी: ड्रिलला चालते, कटरला रडवते

नागपुरात मनीषनगर-बेसाकडच्या नव्या स्कीममध्ये फ्लॅटचा ताबा आधी मिळतो, लाइटचं मीटर नंतर लागतं. ग्राहकाला मात्र वॉर्डरोब गृहप्रवेशाआधीच पाहिजे असतो. त्यामुळे आमच्यासारख्या फर्निचरवाल्यांचं कॉर्डलेस, म्हणजे बॅटरीवरच्या, मशीनशिवाय भागत नाही, आणि कॉर्डलेसमध्ये खरा खर्च मशीनचा नसतो, बॅटरीचा असतो. माझ्या टूलची ५ अँपिअर-अवरची (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं हे माप) ओरिजिनल बॅटरी सात हजारांच्या आसपास पडते. तिच्याच खाचेत बसणारी कॉपी इतवारीत दीड हजारात मिळते. माझ्या पेटीत दोन्ही आहेत आणि दोन्ही रोज राबतात, म्हणून हे लिहितोय.

दुकानात पहिला मारा आकड्यांचा होतो. "भाऊ, तुमची १८ व्होल्टची, ही पाहा ८८ व्होल्ट. लाकूड फाडून टाकते!" स्टिकरवर तसं छापलेलंही असतं, कुठे ४८, कुठे १२८. या आकड्यांकडे बघूच नका. या जातीच्या बॅटरीत पाच लिथियम सेल ओळीने जोडलेले असतात. एका सेलचे ३.६ व्होल्ट धरले की पाचांचे १८ होतात, आणि फुल चार्ज झालेला सेल ४.२ पर्यंत जातो, म्हणून २१. कोणी डब्यावर १८ लिहितं, कोणी '२० मॅक्स', कोणी २१. आतला मामला एकच. खरंच ८८ व्होल्ट असते तर १८ व्होल्टच्या ड्रिलने ट्रिगर दाबताच राम म्हटला असता.

खरी गोम अँपिअर-अवरच्या आकड्यात आहे, आणि ती पकडायला मीटरबिटर लागत नाही, वजनकाटा पुरतो. ५ अँपिअर-अवरची बॅटरी सहसा दहा सेलची असते: पाचांच्या दोन ओळी, प्रत्येक सेल २५०० मिलीअँपिअर-अवरचा. हे सेल १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, आणि एकेकाचं वजन ४५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे नुसते सेलच साडेचारशे ग्रॅम. माझी ओरिजिनल बॅटरी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या काट्यावर सहाशे ग्रॅमच्या वर भरते. '६.०' असं ठसठशीत लिहिलेली एक कॉपी तिथेच ठेवली, तर चारशेच्याही आत. किराणावाला हसला, "यात काई माल नाई, भाऊ."

ती मी खोलली. तुम्ही खोलू नका. आत स्क्रू ड्रायव्हर घसरून शॉर्ट झाला तर बोटं भाजतात. चार स्क्रू काढल्यावर पांढरा प्लास्टिकचा साचा दिसला, दहा सेलच्या घरांचा. पाच घरांत सेल, पाच रिकामी. सेलवर निळं प्लास्टिक, त्यावर ना कंपनी, ना नंबर. आणि सेलच्या टोकांवर, सेल जोडणाऱ्या आताच्या पट्टीच्या बाजूला, जुन्या वेल्डिंगचे घासलेले ठिपके. म्हणजे हे सेल आधी दुसऱ्याच कुठल्या तरी पॅकमध्ये नांदून आलेले. दुसऱ्या दुकानातून आणलेली कॉपी वजनात नीट भरली. ती दहा सेलची आहे आणि अजून चालू आहे. तेव्हा कॉपी म्हणजे सगळी एकाच माळेची नाही, हेही सांगायला हवं. ज्या कॉपीवर स्वतःचं काही तरी नाव असतं ती मी एक वेळ घेईन. मोठ्या कंपनीचं नाव चिकटवलेली कॉपी घेणार नाही. जो नावातच खोटं बोलतो तो सेलबद्दल काय खरं बोलणार?

आता कामाचं. ड्रिलवर, म्हणजे कब्जे लावणे, चॅनलचे स्क्रू मारणे, भिंतीत गिट्टीसाठी (स्क्रू धरून ठेवणाऱ्या खुंटीसाठी) बारीक भोक पाडणे, यात चांगली कॉपी आणि ओरिजिनल यांच्यात आमच्या पोरांना फरक कळत नाही. कॉपी लवकर उतरते, इतकंच. पण तीच बॅटरी कटरला लावून १८ मिलिमीटरची प्लाय उभी फाडायला घेतली की कटर रडायला लागतो. अर्ध्या शीटपर्यंत जातो, आवाज बसतो, मशीन कट-ऑफ. लोडवर असा कटर तीस अँपिअर सहज ओढतो. दोन ओळी असतील तर प्रत्येक सेलवर पंधरा येतात. टूलसाठी बनवलेला चांगला सेल वीसपर्यंत सलग देऊ शकतो. एकाच ओळीच्या बॅटरीत सगळे तीस एकाच सेलमधून जातात, आणि तो जर लॅपटॉपच्या जातीचा, पाच-सहा अँपिअरचा असेल, तर व्होल्टेज कोसळतं आणि उरलेलं सगळं उष्णता होऊन बाहेर पडतं. हात लावला की चटका.

उष्णतेवर आपल्या नागपुरात वेगळं बोलायला लागतंच. साधारण ४५ अंशांच्या वर लिथियम सेल चार्ज करू नये, ही सेल बनवणाऱ्यांचीच मर्यादा आहे. मे महिन्यात आपल्या सावलीचाच पारा तिथे असतो. माझ्या ओरिजिनल चार्जरला पंखा आहे. तो बॅटरीच्या पोटातून हवा खेळवतो, आणि बॅटरी तापलेली असेल तर लाल दिवा मिचकावत थांबतो, निवल्याशिवाय चार्ज सुरूच करत नाही. हे त्याला कळतं बॅटरीतल्या तापमान सेन्सरमुळे. मी खोललेल्या कॉपीत सेन्सरच्या जागी एक साधा रेझिस्टर टाचला होता. बॅटरी भट्टी झाली तरी चार्जरला निरोप एकच: सगळं थंड आहे. उन्हाळ्यात आम्ही कॉपी रात्री उशिरा, माणूस समोर असतानाच, फरशीवर चार्ज करतो. कूलरच्या बाजूला, तोंडासमोर नाही, नाहीतर तुषार उडतात.

ओरिजिनलवाले फार साधू आहेत असंही नाही. महिनाभर रिकामी पडलेली एक ओरिजिनल चार्जरने सरळ 'खराब' म्हणून नाकारली. सेल ठीक होते, पण आतल्या सर्किटने कुलूप घातलेलं. सर्व्हिसवाल्यांचं उत्तर एकच, नवीन घ्या. सात हजारांच्या वस्तूला हा जवाब पटत नाही.

सध्या कॉपीवर पिवळी टेप आहे. टेपवाली फक्त ड्रिलला, एलईडी लाइटला आणि ब्लोअरला. कटर आणि ग्राइंडरला बिगर टेपची. पोरांना सांगून ठेवलंय, टेपवाली कटरवर दिसली की त्या दिवशीचा चहा लावणाऱ्याकडे.

घ्यायचीच असेल तर काट्यावर ठेवून घ्या, आणि लेबलवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, 'आर'ने सुरू होणारा नोंदणी नंबर शोधा. लिथियम बॅटरीला तो सक्तीचा आहे आणि बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. वॉरंटी विचारली तर मला मिळालेलं उत्तर होतं, "घेऊन या ना भाऊ, पाहून घेऊ." पक्कं बिल मागितलं तर वर १८ टक्के जीएसटी सांगितला, आणि बिलावर बॅटरीऐवजी लिहिलं 'हार्डवेअर सामान'.