ब्रेकफास्ट क्लब की फेरिस ब्युलर?

दोन्ही दिग्दर्शक जॉन ह्यूजचे सिनेमे, एक १९८५ चा, दुसरा १९८६ चा, पण मला विचाराल तर ब्रेकफास्ट क्लबच भारी. शनिवारी शिक्षा म्हणून पाच पोरं शाळेच्या लायब्ररीत बसवलीयेत, आणि बोलता बोलता एकेकाचं घरचं बाहेर पडायला लागतं ना, तेव्हा पोटात कालवाकालव होते. अ‍ॅलिसन नावाची त्यातली एक पोरगी चित्र काढते आणि केसातला कोंडा झटकून त्यावर बर्फ पाडते, हे सुचतं कसं माणसाला! फेरिस दांडी मारून शिकागोभर भटकतो, धमाल आहे, पण तो स्वतः काही बदलत नाही. त्याचा मित्र कॅमेरॉन मात्र जीव लावतो. म्युझियममध्ये पेंटिंगमधल्या लहान मुलीकडे एकटक बघत राहतो, कॅमेरा जवळ जवळ जातो आणि शेवटी नुसते रंगाचे ठिपके उरतात. तो एक सीन ब्रेकफास्ट क्लबच्या तोडीचा.