'ज्युलियस सीझर' की 'मॅकबेथ'?

राजकीय दगाफटक्यावरचं अभिजात नाटक बसवायचं ठरलं की चर्चा हमखास शेक्सपिअरच्या या दोन शोकांतिकांवर येऊन अडते. पहिलं १५९९चं, दुसरं साधारण १६०६चं. सांगाडा वरवर सारखाच: सत्तेच्या शिखरावरचा माणूस, विश्वासातल्याच कुणीतरी केलेला त्याचा खून, मग भूत, मग लढाई.

फरक खून करणाऱ्यात आहे. आपण पाप करतोय हे सेनानी मॅकबेथला आपल्या राजाला, डंकनला मारण्याआधीच पक्कं ठाऊक असतं. सीझरला मारणाऱ्या त्याच्या मित्राला, ब्रूटसला, मात्र आपण रोमला वाचवतोय असं मनापासून वाटतं. मला दुसरा प्रकार जास्त भयंकर वाटतो, म्हणून राजकारणच दाखवायचं असेल तर माझा कौल 'सीझर'ला.

त्यातही तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश, खुनानंतर जमावापुढच्या भाषणांचा. ब्रूटस गद्यात, मोजकं आणि मुद्देसूद बोलतो. लोकांना ते इतकं पटतं की गर्दीतून एक जण ओरडतो, 'यालाच सीझर करा!' एकाच माणसाच्या हाती सत्ता जाऊ नये म्हणून ज्यानं रक्त सांडलं, त्यालाच! मग सीझरचा निष्ठावान मित्र अँटनी येतो. सीझरचं मृत्युपत्र दाखवतो, पण वाचत नाही. खाली उतरतो, सीझरचा झगा हातात घेतो आणि एकेक भोक दाखवत जातो: हा कॅशियसचा वार, हा कास्काचा, हा ब्रूटसचा. खुनाच्या वेळी स्वतः अँटनी तिथं नव्हताच, कटातल्या ट्रेबोनियसनं त्याला आधीच बाजूला नेलं होतं! थोड्याच वेळात तोच जमाव सिन्ना नावाच्या कवीला धरतो, कारण काय, तर कटातल्या एकाचं नाव सिन्ना. आणि चौथ्या अंकात, प्रत्येक रोमनाला ७५ ड्राक्मा (नाणी) देणाऱ्या त्याच मृत्युपत्रात काटछाट कशी करता येईल, हे अँटनी बघत असतो.

पण हे सगळं पेलायला पुरुष नट भरपूर लागतात आणि जमाव तालमीत घोटून घ्यावा लागतो. चार-पाच जण नुसते हात वर करून ओरडले तर प्रवेश कोसळतो. स्त्रियांना ब्रूटसची बायको पोर्शिया आणि सीझरची बायको कॅल्पर्निया, दोन्ही भूमिका छोट्या. तंबूतलं ब्रूटस-कॅशियसचं भांडण झालं की नंतरची फिलिपीची लढाई थोडी रेंगाळते.

'मॅकबेथ' आटोपशीर आहे, शेक्सपिअरच्या शोकांतिकांमध्ये सगळ्यात छोटं. डंकनचा खून पडद्याआड होतो. आपल्याला दिसतो तो रक्ताळलेले खंजीर हातात विसरून आलेला मॅकबेथ, आणि ते त्याच्याकडून घेऊन परत ठेवायला निघालेली बायको. तेवढ्यात दारावर थाप. इथं प्रेक्षकाला राजकारण समजावून सांगावं लागत नाही. चौथ्या अंकातला डंकनचा मुलगा माल्कम आणि मॅकबेथविरोधी सरदार मॅकडफ यांचा लांबलचक संवाद तेवढा कात्री लावून घ्यावा. चेटकिणी सांभाळून, धूर आणि किंचाळ्या वाढल्या की लोक हसतात.

मराठीतूनच करायचं असेल तर 'मॅकबेथ'साठी शिरवाडकरांचं 'राजमुकुट' हे रूपांतर आधी वाचा.

थोडक्यात, संच मोठा असेल आणि अँटनीचं भाषण ओढून नेणारा नट असेल तर 'सीझर'च. संच लहान, पण लेडी मॅकबेथ पेलणारी अभिनेत्री हाताशी असेल, तर माझा कौल बाजूला ठेवा आणि 'मॅकबेथ' घ्या.