सोप सर्व्हिसवर क्लायंटची ओळख कशी पटवायची: आयपी, पासवर्ड, सर्टिफिकेट की सही?

समजा शिरोली एमआयडीसीत तुमची फाउंड्री आहे. कास्टिंग घेणारी कंपनी म्हणते, ‘डिस्पॅचची माहिती आणि हीट नंबरनुसार केमिकल रिपोर्ट आता मेलवर नकोत. आमची सिस्टीम तुमच्या सर्व्हिसला थेट विचारेल. डब्ल्यूएसडीएल पाठवा.’ म्हणजे त्यांना सोप सर्व्हिस हवी, एक्सएमएल मेसेजवर चालणारी; डब्ल्यूएसडीएल ही तिला काय आणि कसं विचारायचं ते सांगणारी फाइल. तुमचा सॉफ्टवेअरवाला राजारामपुरीत बसतो, सर्व्हर मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेला. सर्व्हिस उभी करायला फार दिवस लागत नाहीत. चर्चा रंगते ती पुढच्या प्रश्नावर: आलेला कॉल खरंच त्या कंपनीचाच आहे, हे ओळखायचं कशावरून?

पर्याय पुष्कळ आहेत. त्यांतला सगळ्यात भक्कम कोणता, असं विचारत बसलात तर निर्णय चुकण्याची शक्यता जास्त. मी आधी दुसरंच विचारतो. पासवर्ड किंवा की क्लायंटकडे कुणाच्या ताब्यात राहणार? आणि तो माणूस नोकरी सोडून गेला तर ती बदलणार कोण? याचं उत्तर मिळालं की अर्धे पर्याय आपोआप गळतात.

एक गोष्ट तुलनेत धरतच नाही, ती म्हणजे टीएलएस, एचटीटीपीएसच्या मागचं एन्क्रिप्शन. खालचं सगळं एचटीटीपीएसवरच चालवायचं. टीएलएस १.० आणि १.१ या आवृत्त्या इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने मार्च २०२१ मध्ये निकालात काढले. आज किमान १.२ हवं, २०१८ चं १.३ चालत असेल तर उत्तमच. समोर डॉट नेट ४.५ च्या काळातला प्रोग्राम असेल तर तो १.२ बोलू शकतो, फक्त त्याला कोडमध्ये तसं स्पष्ट सांगावं लागतं. ‘आमचं जुनं आहे, तुम्हीच सर्व्हरवर १.० चालू करा’ असा निरोप आला तर ठाम नाही म्हणा आणि तो छोटा बदल त्यांना दाखवा. आणखी एक बघा: टेस्टिंगच्या वेळी सर्व्हरची ओळख सांगणाऱ्या सर्टिफिकेटचा एरर येतो म्हणून क्लायंटचा डेव्हलपर तपासणीच बंद करून टाकतो आणि तोच कोड पुढे लाइव्ह जातो. मग मधल्या कुणीही आपलं सर्टिफिकेट पुढे केलं तरी क्लायंट त्याला पासवर्ड देऊन मोकळा. लाइव्ह जाण्याआधी हे लेखी विचारून घ्याच.

आयपी व्हाईटलिस्ट

यात यादीतल्या आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या ठरावीक पत्त्यांवरून, आलेलेच कॉल आत घ्यायचे. मोठ्या कंपनीचा आयपी स्थिर असतो, त्यामुळे तिथे ही यादी सोपी. पण उद्या याच सर्व्हिसवर उद्यमनगरातले मशिनिंगचं जॉबवर्क करणारेही येणार. त्यांच्याकडे साधं ब्रॉडबँड. राउटर बंद-चालू केला की आयपी बदलतो. पुष्कळ ठिकाणी इंटरनेट कंपनीच्या सीजीनॅट या व्यवस्थेमुळे एकाच आयपीमागे अनेक गिऱ्हाइकं असतात, म्हणजे एकाला मोकळीक दिली की अनोळखी लोकांनाही मिळाली. आपल्याकडे पुराचंही धरून चालावं लागतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता. अशा दिवसांत माणसं घरून, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून काम उरकतात, आणि फक्त आयपी बघणारी सर्व्हिस नेमकं तेव्हाच त्यांना नाकारते.

आयपीवरून कॉल कुठून आला ते कळतं, कुणी केला ते कळत नाही. ज्यांचा आयपी स्थिर आहे त्यांच्यासाठी जोडीला ठेवा, एकट्यावर विसंबू नका.

पासवर्ड: बेसिक की युजरनेम टोकन?

इथे जरा थांबू, कारण बहुतेकांचा निर्णय याच दोघांत होतो.

बेसिक ऑथेंटिकेशनमध्ये युजरनेम आणि पासवर्ड एचटीटीपीच्या हेडरमधून जातात. बेस ६४ मध्ये असतात, पण ते काही एन्क्रिप्शन नव्हे, कुणालाही लगेच उलगडता येतं. झाकण टीएलएसचंच. युजरनेम टोकन म्हणजे डब्ल्यूएस-सिक्युरिटीची पद्धत. ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ती २००४ मध्ये मानक केली, १.१ आवृत्ती २००६ ची. यात नाव आणि पासवर्ड सोपच्याच हेडरमध्ये, म्हणजे एक्सएमएलच्या आत बसतात.

नाव भारदस्त असल्यामुळे दुसरी पद्धत जास्त सुरक्षित वाटते. टीएलएस असताना मला तसं वाटत नाही, आणि त्याची दोन कारणं आहेत. पहिलं, बेसिकमध्ये वेब सर्व्हर हेडर बघूनच चुकीचा कॉल परत पाठवतो, एक्सएमएलला हात लागत नाही. युजरनेम टोकनमध्ये ओळख पटवण्यासाठीच आधी एक्सएमएल वाचावं लागतं. म्हणजे कुणीही अनोळखी माणूस तुमच्या पार्सरपुढे, म्हणजे एक्सएमएल वाचणाऱ्या कोडपुढे, हवं ते टाकू शकतो: बाहेरच्या फाइलकडे बोट दाखवणारी एंटिटी, नाहीतर उलगडताना मेमरी खाऊन टाकणारी. सोपच्या मेसेजमध्ये डीटीडी, म्हणजे अशा एंटिटी जिथे लिहितात तो भाग, असताच कामा नये, असं मानकातच लिहिलेलं आहे. तुमचा पार्सर ते पाळतो का, हे मात्र तुम्हालाच तपासावं लागेल. दुसरं कारण लॉगचं. काही बिघडलं की डेव्हलपर पूर्ण रिक्वेस्ट एक्सएमएल लॉगमध्ये टाकतो. युजरनेम टोकन वापरत असाल तर त्या फाइलमध्ये पासवर्ड जसाच्या तसा पडलेला असतो, आणि तीच फाइल मदतीसाठी व्हॉट्सअॅपवर फिरते.

युजरनेम टोकनची जमेची बाजूही खरी आहे. मेसेज वाटेत एखाद्या मिडलवेअरमधून, म्हणजे तो पुढे पोचवणाऱ्या मधल्या प्रोग्राममधून, जाणार असेल तर एचटीटीपीचा हेडर तिथेच गळू शकतो, सोपचा हेडर मात्र मेसेजबरोबर पुढे जातो. शिवाय डब्ल्यूएसडीएलमध्ये पॉलिसी लिहून ठेवली की जावा आणि डॉट नेटची टूल्स ती वाचून बरंचसं काम स्वतःच करतात. पीएचपीच्या सोप क्लायंटमध्ये ही सोय मुळात नाही, तिथे हेडर हाताने रचावा लागतो. बेसिकसाठी मात्र त्यात फक्त लॉगिन आणि पासवर्ड एवढे दोन ऑप्शन दिले की झालं.

याच टोकनचा ‘पासवर्ड डायजेस्ट’ हा प्रकार लोक हमखास मागतात. त्यात नॉन्स म्हणजे एकदाच वापरायची यादृच्छिक मजकुराची ओळ, मेसेज तयार झाल्याची वेळ आणि पासवर्ड हे तिन्ही जोडून त्यांचा शा-१ हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ मजकूर परत काढता येत नाही असा ठसा, पाठवतात. पासवर्ड तारेवरून जात नाही, हे खरं. पण सर्व्हरला तोच हॅश पुन्हा काढून जुळवायचा असल्यामुळे त्याच्याकडे मूळ पासवर्ड किंवा त्याच तोडीचं काहीतरी ठेवावंच लागतं. बीक्रिप्टसारखा एकेरी हॅश करून पासवर्ड साठवण्याची वाट बंद होते. डेटाबेस फुटला तर सगळ्या क्लायंटचे पासवर्ड एकदम बाहेर. टीएलएसने जे आधीच झाकलं आहे त्यासाठी एवढी किंमत मोजू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

डायजेस्टमध्ये वेळेचाही घोळ होतो. सकाळी ११ वाजता कोल्हापुरातून मेसेज निघाला आणि डेव्हलपरने ‘क्रिएटेड’ या खान्यात ११:०० लिहून पुढे झेड लावला, तर सर्व्हर ती वेळ यूटीसी धरतो. त्याच्या लेखी हा मेसेज साडेपाच तास पुढचा आहे. तो नाकारतो आणि एरर काहीतरी भलतंच सांगतो. बरोबर आकडा ०५:३० झेड. डब्ल्यूएसएस-फोर-जे ही जावातली प्रचलित लायब्ररी मूळ सेटिंगमध्ये ३०० सेकंदांपर्यंतच जुना मेसेज चालवून घेते. त्यामुळे क्लायंटच्या पीसीचं घड्याळ सहा-सात मिनिटं मागे असलं तरी कॉल अडतो.

पद्धत कुठलीही घ्या, प्रत्येक क्लायंटला वेगळा युजरनेम द्या. पासवर्ड माणसाने लक्षात ठेवायचा नाही, मशीनने पाठवायचा आहे. तेव्हा ३० पेक्षा जास्त अक्षरांचा, यादृच्छिक काढलेला द्या आणि चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा घाला.

क्लायंट सर्टिफिकेट

म्युच्युअल टीएलएसमध्ये जोडणी होतानाच क्लायंट आपलं सर्टिफिकेट दाखवतो आणि त्याच्या जोडीची गुप्त प्रायव्हेट की आपल्याकडे आहे हे सिद्ध करतो. गुपित तारेवरून जातच नाही. तुमच्या डेटाबेसमध्येही चोरण्यासारखं काही उरत नाही. समोर आयटी विभाग असेल तर मी हाच पर्याय आधी सुचवतो. खाचखळगे मात्र माहीत हवेत.

शेअर्ड होस्टिंगवर हे बहुधा जमत नाही, वेब सर्व्हरचं सेटिंग तुमच्या हातात लागतं. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर सर्टिफिकेट तोच तपासतो आणि मागच्या अॅप्लिकेशनला एखाद्या हेडरमधून फक्त नाव कळवतो. इथे मोठं भोक राहू शकतं: अॅप्लिकेशनचा मूळ पोर्टही इंटरनेटवर उघडा असेल तर कुणीही तो हेडर स्वतः लिहून थेट आत येईल. मागचा पोर्ट फक्त एनजिनएक्सलाच दिसला पाहिजे, आणि बाहेरून आलेला त्या नावाचा हेडर एनजिनएक्सने पुसून टाकला पाहिजे. हे तपासल्याशिवाय लाइव्ह जाऊ नका.

सर्टिफिकेट द्यायचं कुणी? क्लायंटच्या ओळखीसाठी सार्वजनिक सीएच्या, म्हणजे सगळ्यांना सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या, मागे लागू नका. वेबसाइटच्या सर्टिफिकेटमधून क्लायंट ऑथेंटिकेशनचा वापरच काढून टाकण्याकडे सगळ्यांचा कल आहे. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या सीएने २०२५ मध्येच जाहीर केलं की २०२६ मध्ये आपण ही सोय बंद करणार. स्वतःची छोटी खासगी सीए बनवा, तिची मूळ की नेटवर्कपासून लांब ठेवा आणि प्रत्येक क्लायंटला त्याच्या नावाचं सर्टिफिकेट द्या. प्रायव्हेट की क्लायंटने स्वतः तयार करून फक्त सीएसआर, म्हणजे सर्टिफिकेटसाठीची मागणी, पाठवणं उत्तम. कीची फाइल आणि तिचा पासवर्ड एकाच मेलमधून पाठवलेत तर सगळी मेहनत वाया.

‘साहेबांची डीएससी आहे की डोंगलमध्ये, तीच वापरू,’ असं अकाउंट्समधून हमखास येतं. डीएससी म्हणजे डिजिटल सहीचं सर्टिफिकेट. ती आयटी कायदा, २००० खाली व्यक्तीच्या नावाने दिलेली असते, की यूएसबी टोकनमध्ये बंद असते आणि वापरताना पिन लागतो. रात्री दोन वाजता आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामला ती उपयोगाची नाही.

मुदतीकडे लक्ष ठेवा, दोन्ही बाजूंच्या. तुमच्या सर्व्हरच्या सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवस होती. सीए-ब्राउझर फोरमच्या ठरावानुसार १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवस, २०२७ पासून १०० आणि २०२९ पासून ४७ दिवस. क्लायंटने सॅपच्या ‘स्ट्रस्ट’मध्ये, म्हणजे त्यातल्या सर्टिफिकेटच्या कपाटात, नेमकं तुमचंच सर्टिफिकेट आयात करून ठेवलं असेल तर प्रत्येक नूतनीकरणाला त्यांची जोडणी तुटेल. त्यांना तुमच्या सीएची रूट आणि इंटरमीडिएट सर्टिफिकेटं आयात करायला सांगा.

मेसेजवर सही

टीएलएस म्हणजे गाडीला लावलेलं कुलूप. एक्सएमएल सिग्नेचर म्हणजे पोत्यावरचं सील, मध्ये गाडी बदलली तरी ते टिकतं. मेसेज दोन-तीन हातांतून जात असेल, किंवा ‘ही ऑर्डर तुम्हीच पाठवली होती’ हे वर्षभराने दाखवावं लागणार असेल, तर याला पर्याय नाही. केमिकल रिपोर्ट वाचायला देण्यासाठी याची गरज दिसत नाही.

खर्च मोठा आहे. मधल्या एखाद्या प्रोग्रामने सही केलेल्या भागात मोकळ्या जागा घालून एक्सएमएल सुबक केलं तरी सही मोडते. त्याहून गंभीर आहे ‘रॅपिंग’चा हल्ला: सही असलेला मूळ भाग मेसेजमध्येच दुसरीकडे सरकवायचा आणि त्याच्या जागी बनावट भाग बसवायचा. सही तपासणारा कोड आयडीवरून मूळ भाग शोधतो आणि समाधानी होतो, काम करणारा कोड मात्र बनावट भाग वाचतो. २०११ मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या रूर विद्यापीठातल्या संशोधकांनी अॅमेझॉनच्या ईसी-टू या भाड्याने सर्व्हर देणाऱ्या सेवेच्या सोप इंटरफेसवर हे करून दाखवलं होतं. एवढ्या मोठ्यांकडून निसटतं तिथे हाताने लिहिलेल्या तपासणीचा काय भरवसा? सही घ्यायचीच तर मुरलेली लायब्ररी वापरा, आणि सहीने जो भाग पडताळला तोच भाग पुढे कामाला घ्या.

सॅमल टोकन आणि डब्ल्यूएस-ट्रस्ट, म्हणजे ओळख तिसऱ्याच सर्व्हरने पटवून द्यायची पद्धत, यांचा विचार समोरच्याकडे ती व्यवस्था आधीपासून असेल तरच करा. ओऑथचं बेअरर टोकन, म्हणजे टोकन सर्व्हरने दिलेला पास, सोपबरोबरही एचटीटीपी हेडरमधून चालतं. पुढे सगळे कॉल तपासून आत सोडणारा एपीआय गेटवे असेल आणि सोपऐवजी रेस्ट पद्धतीने बोलणारे क्लायंटही तेच टोकन वापरत असतील तर सोयीचं आहे. दोन-चार क्लायंटसाठी टोकन सर्व्हर उभा करू नका.

मग घ्यायचं काय?

छोट्या क्लायंटसाठी टीएलएसवर बेसिक. जिथे आयटीचा माणूस कायम आहे तिथे म्युच्युअल टीएलएस. मध्ये मिडलवेअर असेल, किंवा समोरच्याच्या पॉलिसीतच लिहिलं असेल, तर साध्या पासवर्डचं युजरनेम टोकन, तेही टीएलएसवरच आणि लॉगमधून तो हेडर गाळून. एकाच सर्व्हिसला दोन एंडपॉइंट, म्हणजे कॉल घेणारे दोन पत्ते, देता येतात. सगळ्यांना एकाच पद्धतीत कोंबायची गरज नाही.

आणि ओळख पटल्यावर पुढचं विसरू नका. रिक्वेस्टमध्ये कस्टमर कोड येतो आणि सर्व्हिस त्या कोडची माहिती देते, असं लिहिलं असेल तर एक क्लायंट आपल्या खऱ्या पासवर्डने आत येऊन दुसऱ्याचा कोड टाकेल आणि त्याचे रिपोर्ट घेऊन जाईल. कस्टमर कोण हे युजरनेमवरून किंवा सर्टिफिकेटवरूनच ठरवा. एक्सएमएलमधला कोड त्याच्याशी जुळला नाही तर कॉल परत करा.

लॉगचंही बघा. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत, सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची आहेत. यातल्या शेवटच्या कलमाने ३०० सेकंदांची वरची अडचणही तुमच्या बाजूने मिटते.

पासवर्ड बदलण्याची सोय पहिल्याच दिवशी बांधा. प्रत्येक युजरनेमवर एका वेळी दोन पासवर्ड चालतील अशी रचना ठेवली की नवा द्यायचा, क्लायंटला त्याच्या सवडीने बदलू द्यायचं आणि लॉगमध्ये जुन्यावरचे कॉल थांबलेले दिसले की तो बंद करायचा. सर्टिफिकेटचंही तसंच: मुदत संपायच्या महिनाभर आधी नवं द्या आणि दोन्ही चालू ठेवा.