मुन्तिलान की बेरास्तागी? इंडोनेशियातल्या बाजारगावात बिऱ्हाड करण्याआधी

इंडोनेशियात नोकरीला असलेल्या आपल्या मंडळींना कधीतरी शहराचा कंटाळा येतो. कुणाचं लग्न इथल्याच मुलीशी किंवा मुलाशी झालेलं असतं, कुणाचं काम घरून होण्यासारखं असतं, कुणाला निवृत्तीनंतर परत जायचं नसतं. मग विचार येतो: लहानसं गाव हवं, पण बाजार, दवाखाना आणि पक्का रस्ता हाताशी हवा. त्यात दोन नावं घेण्यासारखी आहेत. एक मध्य जावातलं मुन्तिलान, योग्यकर्ताच्या उत्तरेला पंचवीसेक किलोमीटरवर. दुसरं उत्तर सुमात्रातलं बेरास्तागी, मेदान शहरातून वर चढत गेलं की पासष्टेक किलोमीटरवर. दोन्ही बाजारावर जगणारी आणि दोन्ही ज्वालामुखीच्या छायेतली. बाकी मात्र फारसं काही सारखं नाही.

मुन्तिलानला उकडतं. आपल्या कोकणाइतकं नाही, पण पंखा लागतोच. सुमारे तेराशे मीटर उंचीवरच्या बेरास्तागीत रात्री गोधडी लागते. नुसत्या हवेवरून ठरवायचं तर बेरास्तागीचं पारडं जड. पण भाड्याचा करार हवेवर होत नाही.

जागा: विकत घेण्याचा विचार आधी सोडा

दोन्ही गावांना कायदा एकच, 1960 चा मूलभूत कृषी कायदा. त्याप्रमाणे पूर्ण मालकी, म्हणजे 'हाक मिलिक', फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळते. परदेशी माणसाच्या वाट्याला 'हाक पाकाई', म्हणजे वापराचा हक्क. 2021 च्या नियमांनुसार तो आधी 30, मग 20, मग पुन्हा 30 असा ऐंशी वर्षांपर्यंत नेता येतो. ऐकायला बरं वाटतं. गोम अशी की परदेशी माणसाने घ्यायच्या घराची किमान किंमत सरकारने प्रांतागणिक ठरवली आहे, आणि तो आकडा अब्ज रुपियाहमध्ये आहे. बाजारगावातलं साधं चार खोल्यांचं घर त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. म्हणजे स्वस्त आहे म्हणूनच ते तुम्हाला घेता येत नाही!

मग कुणीतरी ओळखीचा सुचवतो, "माझ्या नावावर घ्या, आपसात कागद करून ठेवू." हे दोन्ही गावांत सुचवतील, आणि सुचवणारा बहुतेक वेळा भला माणूसच असतो. त्याच कायद्याचं कलम 26 मात्र स्पष्ट आहे: असा व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. उद्या मित्राचं आणि तुमचं बिनसलं, किंवा तो वारला आणि वारस पुढे आले, तर कोर्टात तुमच्या हातात काहीच नसतं.

नवरा किंवा बायको इंडोनेशियन असेल तर वेगळी गोष्ट. तिथेही एक खाच आहे. मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार नसेल, तर लग्नानंतर घेतलेली जागा दोघांची धरली जाते, आणि परदेशी जोडीदारामुळे पूर्ण मालकीचा हक्क वर्षभरात सोडावा लागू शकतो. पूर्वी हा करार लग्नाआधीच करावा लागे. घटना न्यायालयाच्या 2016 च्या निकालानंतर तो संसार सुरू झाल्यावरही करता येतो. गावात घर बघायला निघण्याआधी नोटरीकडे जाऊन तो उरकून घ्या.

इथून पुढे दोन गावांच्या वाटा वेगळ्या होतात. मुन्तिलानच्या बाजूला बघायचं ते कागदाचं वय. विक्रेत्याकडे भूमी कार्यालयाचं प्रमाणपत्र आहे, की गावच्या जुन्या वहीतला उतारा? 'लेटर सी' नावाचा तो उतारा कर कोण भरतं ते दाखवतो, मालकी सिद्ध करत नाही. शिवाय योग्यकर्ता–बावेन टोल रस्त्याच्या कामामुळे या पट्ट्यातल्या जमिनीचे भाव आणि अफवा दोन्ही वाढल्या आहेत. जोडीदाराच्या नावाने घेत असाल तर तो तुकडा रस्त्याच्या आखणीत येतो का, हे आधी बघा.

बेरास्तागीत कागद चोख असला तरी मागे कुळ उभं असतं. इथल्या मूळच्या कारो लोकांत जमीन, लग्न, मयत, कुठलीही गोष्ट बायकोच्या माहेरची माणसं (कालिम्बुबू), लेकीच्या सासरची माणसं (आनाक बेरू) आणि भाऊबंद यांना बसवल्याशिवाय तडीस जात नाही. जुन्या रिवाजात मुलींना जमिनीत वाटा नव्हता. 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारोमधल्याच एका खटल्यात मुलीलाही वारसाहक्क दिला. कायद्याने प्रश्न मिटला, घराघरात मिटलाच असं नाही. त्यामुळे विकणाऱ्या भावाची सही आहे, पण मेदानला दिलेल्या बहिणीची संमती आहे का, हे विचारायचं. आपल्याकडे सातबाऱ्यावर बहिणींची नावं लावताना जे होतं, ते पाहिलेल्याला वेगळं समजावायला नको.

तेव्हा भाड्यानेच राहा. एक सांगून ठेवतो: इथे घरभाडं महिन्याचं नसतं, वर्षाचं किंवा दोन वर्षांचं एकदम आगाऊ मागतात. पहिल्या वर्षी एका वर्षाच्या वर जाऊ नका, कितीही सवलत दिली तरी.

डोंगर, आणि त्याहून महत्त्वाची नदी

नातेवाईक पहिला प्रश्न ज्वालामुखीचाच विचारतील. मुन्तिलानच्या पूर्वेला मेरापी. 2010 च्या उद्रेकात साडेतीनशेहून अधिक माणसं गेली. धोक्याचा परीघ वाढवत वीस किलोमीटरपर्यंत नेला होता. मुन्तिलानवर राखेचा असा थर बसला की झाडांच्या फांद्या मोडून पडल्या आणि उतारावरच्या सालाक फळांच्या बागा झोपल्या. पण गावाला खरा त्रास पुढच्या पावसाळ्यात झाला. डोंगरावर साचलेली राख आणि दगड पावसाने खाली आणले. जानेवारी 2011 मध्ये पुतिह नदी जुमोयोजवळ पात्र सोडून थेट योग्यकर्ता–मागेलांग हमरस्त्यावर आली, घरं गाडली गेली, वाहतूक तुटली. या लोंढ्याला इथे 'लाहार' म्हणतात.

म्हणून मुन्तिलानमध्ये घर बघताना मेरापी किती लांब हे नंतर विचारा, नदी किती लांब हे आधी. पुतिह, ब्लोंगकेंग, लामात, पाबेलान ही नावं लक्षात ठेवा. काठावरची जागा स्वस्त, हिरवीगार आणि शांत असते. घेऊ नका. नोव्हेंबर 2020 पासून मेरापी चारपैकी तिसऱ्या पातळीवर, 'सियागा'वर, ठेवलेला आहे, आणि तरी बाजार रोज भरतो, कारण धोक्याच्या दिशा आणि अंतरं ज्वालामुखीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडून सतत जाहीर होत असतात.

बेरास्तागीच्या जवळ दोन डोंगर. सिबायाक वर चढून जाण्याजोगा. सिनाबुंग शतकानुशतकं झोपलेला होता, तो 2010 मध्ये जागा झाला आणि 2013 पासून काही वर्षं धुमसत राहिला. फेब्रुवारी 2014 आणि मे 2016 मध्ये माणसं मेली ती मनाई केलेल्या पट्ट्यात. राखेने भाजीपाल्याचं मोठं नुकसान झालं आणि काही गावं कायमची हलवून सिओसारला वसवावी लागली. बेरास्तागी गाव मात्र जागेवर राहिलं.

बेरास्तागीचा खरा काच म्हणजे मेदानचा रस्ता. एकच वळणावळणाचा घाट, त्यावर भाजीचे ट्रक, शनिवार-रविवारी मेदानकरांच्या गाड्या, पावसात दरडी. नोव्हेंबर 2024 मध्ये सिबोलांगितच्या बाजूला दरड कोसळून गाड्या गाडल्या गेल्या आणि प्रवासी दगावले. मोठं इस्पितळ मेदानला. छातीत कळ आली आणि घाट बंद असला तर काय, याचं उत्तर बेरास्तागीकडे नाही. मुन्तिलानला गावातच सरकारी रुग्णालय आहे, आणि योग्यकर्ता सपाट रस्त्याने तासाभरावर. घरात वयस्क माणूस असेल तर मला तुलना इथेच संपलेली वाटते.

शेजार आणि रात्र

जावात रात्रीच्या गस्तीची पद्धत अजून बऱ्याच वस्त्यांत टिकून आहे. घराबाहेर भिंतीला एक छोटा डबा किंवा कप टांगलेला दिसेल. त्यात मूठभर तांदूळ किंवा नाणं टाकायचं, गस्तीवाले रात्री गोळा करतात आणि ते वस्तीच्या कामाला जातं. याला 'जिम्पितान' म्हणतात. डबा रिकामा राहिला तर कुणी बोलत नाही, पण लक्षात राहतं. नवीन आलेल्याने चोवीस तासांत वस्तीप्रमुखाला, म्हणजे 'पाक एर-ते'ला, कळवायचं असतं. स्वतः जाऊन कळवा, घरमालकावर सोडू नका. मुन्तिलानमध्ये काळजी करायची ती मोटरसायकल चोरीची, आणि रात्री उशिरा योग्यकर्ताकडच्या रस्त्यांवर हत्यारं घेऊन फिरणाऱ्या पोरांच्या टोळ्यांची, ज्यांना 'क्लितिह' म्हणतात.

कारो माणूस जावानीजपेक्षा रोखठोक. आवाज मोठा, मन मोकळं, भांडण तोंडावर. मराठी माणसाला हे लवकर जमतं. पण उत्तर सुमात्रात गुंडगिरी आणि अमली पदार्थांचा जाच जास्त आहे. जून 2024 मध्ये शेजारच्या काबानजाहेत जुगाराच्या बातम्या देणाऱ्या पत्रकाराचं घर पेटवलं गेलं, तो कुटुंबासह मेला. परक्या भाडेकरूच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. दुकान किंवा हॉटेल टाकायचा बेत असेल, तर हप्ता मागायला कोण येतं ते आधी शेजारच्या दुकानदाराला विचारा.

बाजार आणि ताट

शाकाहारी असाल तर मुन्तिलान सोपं: टोफू, तेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), शेंगदाण्याच्या रसातल्या भाज्या, गूळ. हिरवा तापे, म्हणजे आंबवलेला चिकट तांदूळ, ही गावची ओळख. तो जपून खा, चढतो. हमरस्त्यालगत मेरापीच्या काळ्या दगडावर छिन्नी चालवणारे कारागीर बसतात आणि बुद्धाशेजारी गणपतीही घडवतात.

बेरास्तागीत कोबी, गाजर, बटाटा, संत्री, पॅशनफ्रूट यांची रेलचेल. मात्र फळबाजारातला भाव पर्यटकांचा असतो, रोजची भाजी आतल्या बाजारातून घ्या. खाणावळींत डुकराच्या मांसाचं राज्य. मसाल्यात अंदालिमान नावाचं बी मिळतं, आपल्या तिरफळाचं सख्खं चुलत. बांगड्याच्या आमटीत घालून बघा.

जोडीदार कारो असेल तर बेरास्तागी, कारण मग कुळ तुमच्या बाजूने उभं राहतं. एरवी मुन्तिलान. घर बघायला मुन्तिलानला भर पावसात, जानेवारीत जा आणि पाऊस थांबल्यावर जवळच्या पुलावरून पाण्याचा रंग बघा. बेरास्तागीला जोडून सुट्ट्या आलेल्या शनिवारी मेदानहून निघा, सकाळी उशिरा, बसने.