वॉटरफर्डची छोटी गाडी: वाफ नाही म्हणून नाक मुरडू नका

रेटिंग: 5 पैकी 4

आयर्लंडमधल्या वॉटरफर्ड शहराजवळच्या किलमेडनहून सुटणारी वॉटरफर्ड सूर व्हॅली रेल्वे. पहिलंच सांगते, इथे धुराचे लोट वगैरे काही नाहीत, पुढे एक छोटंसं सिम्प्लेक्स डिझेल इंजिन असतं आणि त्याचा आवाज थेट शेतावरच्या डिझेल पंपासारखा. आमच्या ग्रुपमधले एकजण "हे काय, नुसतं डिझेल?" म्हणत बसले, पण मला तर तेच आवडलं, कारण आयर्लंडमधल्या नॅरोगेजची (अरुंद रुळांच्या गाड्यांची) गोष्ट डिझेलशिवाय पूर्णच होत नाही. तिथल्या डोनेगल भागातल्या नॅरोगेजवर 1931 मध्येच डिझेल रेलकार (स्वतःचं इंजिन असलेले डबे) धावत होत्या, वेस्ट क्लेअर या दुसऱ्या नॅरोगेज लाईनने तर 1955 मध्ये इंग्लंडमधल्या विगनच्या वॉकर ब्रदर्स कंपनीकडून तीन डिझेल इंजिनं घेऊन वाफ पूर्ण बंदच केली, तरी 1961 च्या सुरुवातीला लाईनला टाळं लागलंच. त्यानंतरही कितीतरी वर्षं बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीची छोटी डिझेल इंजिनं दलदलीतून पीटचे (जळणासाठी वापरायच्या दलदलीतल्या मातीचे) डबे ओढत होती, तीही याच 3 फुटी गेजवर.

सिम्प्लेक्स बनवायची बेडफर्डची मोटर रेल कंपनी, पहिल्या महायुद्धात खंदकांपर्यंत सामान नेणाऱ्या रुळांवर त्यांची पेट्रोल इंजिनंही असायची. गिअरबॉक्समधून चाकांकडे ताकद जाते ती साखळीने, त्यामुळे निघताना एक हलका हिसका बसतो आणि मग गाडी मजेत डुलत निघते. स्पीड विचारू नका, बाजूचे सायकलवाले आरामात पुढे निघून जातात 😄

हो, सायकलवाले म्हणजे वॉटरफर्ड ग्रीनवेवरचे, जुन्या रेल्वेलाईनवर केलेला हा सायकल आणि पायी जायचा रस्ता, डंगार्वन गावापर्यंत 46 किमी, 2017 पासून. मूळ लाईन 1878 ची आणि ब्रॉडगेज, म्हणजे आयरिश 5 फूट 3 इंची, त्या रुंद जागेवर आता बारीक रूळ टाकलेत म्हणून शेजारी सायकल ट्रॅकलाही जागा उरली. डोकं लावलंय राव.

जाताना डावीकडची सीट पकडा, सूर नदी त्याच बाजूला आहे. मध्ये माउंट काँग्रीव्ह बागेची झाडी लागते आणि शहराजवळ गाडी तारांवर तोललेल्या एका मोठ्या पुलाखालून जाते, तिथे सगळ्यांचे मोबाईल बाहेर 🙄. नदीवरचा वारा बोचरा असतो, जॅकेट न्याच, उन्हाळा असला तरी.

एक स्टार कापला कारण परतीला पुन्हा तोच रस्ता, आणि मुलांना अर्ध्यात कंटाळा येतो. माथेरानच्या गाडीसारखी वळणं-घाट शोधत जाल तर इथे सपाट नदीकाठच आहे. पण इंजिनाचं वेड असेल तर सुटायच्या जरा आधी पोचा, पुढे जाऊन नीट बघता येतं. वेळापत्रक मात्र निघायच्या आधी चेक करा, ही गाडी वर्षभर रोज धावत नाही.