पहिला रोटाव्हेटर घेताना: शिअर बोल्ट की स्लिप क्लच, चेन की गिअर, एकट्यानं जोडायचा की दोघांनी?

रोटाव्हेटर, म्हणजे ट्रॅक्टरमागं जोडून फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार, घ्यायचा म्हटलं की दुकानात बोलणं फुटांवर, पात्यांवर आणि अनुदानावर चालतं. महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर) अर्ज केलाय का, पाच फुटी घ्यावा की सहा फुटी, आपल्या ट्रॅक्टरला झेपेल का. हे विचारायलाच हवं. पण एक प्रश्न दुकानदार आपणहून काढत नाही: या यंत्राजवळ हंगामात किती वेळा हात न्यावा लागणार? बरेच अपघात तिथंच होतात: जोडताना, अडकलेलं काढताना आणि पाती बदलताना. म्हणून खालची सगळी तुलना मी याच एका प्रश्नावर केली आहे.

आधी एक हिशेब. पीटीओ (ट्रॅक्टरमागचं, इंजिनाची ताकद अवजाराला देणारं फिरतं टोक) मिनिटाला ५४० फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला ९. त्याचा दांडा साधारण ३५ मिमी जाडीचा, घेर ११ सेंमी. उपरण्याचं टोक नुसत्या दांड्यावर अडकलं तरी सेकंदाला जवळपास एक मीटर कापड गुंडाळलं जातं. पीटीओपासून अवजारापर्यंत जाणाऱ्या शाफ्टच्या जॉइंटचा, म्हणजे सांध्याचा, घेर याहून मोठा, तिथली ओढ त्याहून जास्त. गळ्यातलं उपरणं किंवा साडीचा पदर सोडवायला माणसाला वेळच मिळत नाही.

शिअर बोल्ट की स्लिप क्लच

पैसे कुठं जास्त घालायचे हे ठरवताना माझ्या मते पहिला विचार याचा करावा.

शिअर बोल्टचं काम सोपं आहे. रोटर, म्हणजे पाती बसवलेला फिरता दांडा, दगडात किंवा बुंध्यात अडकला की शाफ्टच्या टोकाचा एक बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. स्वस्त, समजायला सोपं, गावातल्या कुणालाही बदलता येणारं. काळ्या, बिनदगडी जमिनीत तो क्वचित तुटतो. मुरमाड माळरानावर मात्र एका दुपारीत पुन्हा पुन्हा तुटतो आणि दर वेळी खाली उतरून शाफ्टशी हात घालावा लागतो. त्यात बॅटरी उतरलेली असेल तर इंजिन बंद करायला कुणी धजत नाही, कारण पुन्हा चालू करायला धक्का मारावा लागणार. मग पीटीओ नुसता लिव्हरनं काढून, धडधडत्या इंजिनामागं बसून बोल्ट घातला जातो. लिव्हरला धक्का लागला की संपलं. म्हणून मी बॅटरीलाही सुरक्षेचंच सामान समजतो.

दुसरी खोड याहून वाईट. बोल्ट सारखा तुटतो म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून 'चांगला कडक' बोल्ट आणून बसवतात. बोल्टच्या डोक्यावर आकडा कोरलेला असतो, ८.८ किंवा १०.९. आकडा मोठा तेवढा बोल्ट मजबूत. पुस्तिकेत ८.८ सांगितलेला असताना १०.९ घातला, तर तुटायचं ते तुटत नाही. मग जॉइंटचा क्रॉस (आतला फुलीसारखा तुकडा) किंवा गिअरचे दात जातात, आणि फिरता शाफ्ट मोकळा होऊन आपटू लागतो. लांबीही बघा. नटाबाहेर दोन बोटं आलेला बोल्ट म्हणजे शाफ्टबरोबर फिरणारा हुकच. तीच गत ट्रॅक्टरकडच्या टोकाची. तिथली दाबून बसणारी लॉक पिन हरवली की लोक लांब बोल्ट ठोकतात. पिन थोड्या पैशांत मिळते, ती आणा.

स्लिप क्लचचा शाफ्ट काही हजारांनी महाग पडतो. त्यात घर्षणाच्या चकत्या स्प्रिंगांनी दाबून धरलेल्या असतात. ताण वाढला की चकत्या घसरतात, ताण उतरला की पुन्हा पकडतात. खाली उतरायची गरज नाही, म्हणून दगडाच्या रानात मला हाच योग्य वाटतो. पण त्याचीही एक अट आहे. पावसाळाभर यंत्र उघड्यावर पडलं की चकत्या गंजून एकमेकींना चिकटतात. बाहेरून काहीच दिसत नाही, तुम्ही निर्धास्त असता आणि क्लच मात्र लोखंडाचा गोळा झालेला असतो.

हे तपासायला खडूचा एक तुकडा पुरतो. इंजिन बंद करून चकत्यांच्या कडांवर आडवी रेघ ओढायची. नट किती आवळलेले आहेत ते मोजून ठेवायचं आणि पुस्तिकेप्रमाणे सैल करायचे. मग सगळ्यांना लांब उभं करून पीटीओ दोन-तीन सेकंद चालवायचा. पुन्हा इंजिन बंद, शाफ्ट पूर्ण थांबू द्यायचा आणि रेघ बघायची. तुटून सरकली असेल तर क्लच जिवंत आहे. सरळच राहिली असेल तर चकत्या चिकटल्यात, उघडून साफ कराव्या लागतील. नंतर नट होते तेवढेच आवळायचे. 'घसरतोय' म्हणून पिळत गेलात तर वरचे पैसे वाया गेले. आणि नुकताच घसरलेला क्लच चांगलाच तापतो, हात लावू नका.

माझा कौल: माळरान, मुरूम, दगडगोटे असतील आणि हंगामाआधी अर्धा दिवस देणार असाल तर स्लिप क्लच. भारी काळी जमीन असेल, किंवा यंत्र चार जणांच्या हाती फिरणार असेल, तर शिअर बोल्ट, आणि पेटीत योग्य आकड्याचे डझनभर बोल्ट.

एक गोष्ट दोन्हींनी सुटत नाही. पऱ्हाटी, उसाचं पाचट, ठिबकच्या जुन्या नळ्या आणि नायलॉनची दोरी रोटरला गुंडाळतातच. नळ्या आधी गोळा करणं हाच उपाय. गुंडाळलंच तर इंजिन बंद, किल्ली खिशात, मग विळा.

चेन की गिअर

इथं फार थांबत नाही. गिअरबॉक्समधली ताकद रोटरपर्यंत बाजूच्या पेटीतून जाते. त्या पेटीत चेन असलेला रोटाव्हेटर स्वस्त, पण चेनचा ताण आणि तेल बघत राहावं लागतं आणि तुटली की पेटी उघडावी लागते. गिअरचा महाग, पण हात कमी वेळा घालावा लागतो. परवडत असेल तर गिअर घ्या.

एकट्यानं की दोघांनी

सगळे म्हणतील दोघांनी. मला ते सरसकट पटत नाही. दुसरा माणूस उभा राहतो तो नेमका ट्रॅक्टर आणि अवजाराच्या मध्ये. "घ्या मागं… अजून… बास!" आणि त्या 'बास'नंतर क्लचवरून पाय निसटला तर चार-पाचशे किलोच्या अवजारावर माणूस चेपतो. एकटा असलात तर पाच-सहा वेळा चढउतार होते, कंटाळा येतो, पण मध्ये कुणी नसतं. अवजार सपाट जागी, स्टँडवर सोडलेलं असेल तर एकट्याचं काम नीट होतं. उतारावर किंवा चिखलात सोडलेलं असेल तर मदत लागतेच. तेव्हा एकच नियम: सोबत्यानं चाकाच्या बाहेर, ड्रायव्हरला दिसेल असं उभं राहायचं, आणि हँडब्रेक लावून इंजिन बंद झाल्यावरच मध्ये शिरायचं. 'जरासं मागं' करण्यासाठीसुद्धा आधी बाहेर यायचं.

जोडणारा कुणीही असो, क्रम हाच. आधी डावा आर्म (ट्रॅक्टरमागचा, अवजार उचलणारा खालचा हात), कारण तो सहसा ठरावीक उंचीचा असतो. मग उजवा, कारण त्याला वरखाली करायची सोय असते. मग टॉप लिंक, म्हणजे वरचा मधला दांडा, आणि सगळ्यात शेवटी पीटीओ शाफ्ट. सोडताना उलटं, म्हणजे शाफ्ट पहिला. प्रत्येक पिनला लिंच पिन, म्हणजे ती निसटू न देणारी कडीची छोटी पिन, हवी. तिच्या जागी खिळा किंवा वाकवलेली तार चालते असं म्हणणारे खूप भेटतील. हादऱ्यानं ती निघते आणि वर उचललेलं अवजार रस्त्यावर एका बाजूला कोसळतं.

पाती बदलताना: हायड्रॉलिक की ठोकळे

इथं तुलना करायलाच नको. हायड्रॉलिकवर उचललेला रोटाव्हेटर हळूहळू उतरतो, कधी लिव्हरला पोराचा हात लागतो आणि धाडकन उतरतो. खाली जाड लाकडी ठोकळे किंवा लोखंडी स्टँड लावा. वीट नको, ती भाराखाली फुटते. रोटर हातानं फिरवणारा आणि पाना लावणारा एकच माणूस हवा, नाहीतर बोटं जातात.

नवा की जुना

जुना घेताना शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर बघा. बहुतेक वेळा ते नसतं, किंवा त्याची साखळी तुटलेली असते. ही साखळी ट्रॅक्टरला अडकवली की कव्हर स्थिर राहतं आणि आत शाफ्ट फिरतो. साखळी नसेल तर कव्हरही शाफ्टबरोबर फिरतं आणि त्याचा उपयोग उरत नाही. नव्या कव्हरची किंमत व्यवहारातून वजा करून मागा. घासाघीस नको वाटत असेल तर एवढं लक्षात घ्या: गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक हात गेल्याचे १ लाख रुपये मिळतात.

नवा घेतलात तर दुकानातून तसाच नेऊ नका. तुमच्याच ट्रॅक्टरला तिथंच जोडून घ्या. शाफ्ट लांब पडला तर उचलताना दोन्ही टोकांना दाबतो आणि बेअरिंग फोडतो. आखूड पडला तर कामातच निसटतो. आतली नळी बाहेरच्या नळीत निदान एक तृतीयांश राहायला हवी, आणि ते अवजार उचलून व उतरवून, दोन्ही वेळा बघायचं, दर वेळी इंजिन बंद करून. कापावा लागला तर दोन्ही नळ्या आणि कव्हर सारख्या मापानं कापून, कडा कानशीनं घासून मागा. कव्हरखालचे ग्रीस निपल (ग्रीस भरायची छोटी तोंडं) कुठं आहेत ते कारागिराकडून बोटानं दाखवून घ्या आणि पहिलं ग्रीस स्वतःच्या हातानं भरा.